हजेरीपटावर न दिसणारी उदासी

शाळा आपल्या विद्यार्थ्याविषयी कितीतरी नोंदी ठेवते. हजेरीपट, जनरल रजिस्टर, प्रगतिपुस्तक, आरोग्य तपासणीचे कार्ड. यांत मुलाची जन्मतारीख, उंची, वजन, दृष्टी, प्रत्येक विषयातील गुण आणि वर्तणूक 'चांगली' असल्याचा शेरा सापडतो. मात्र नववीतली एखादी मुलगी गेला महिनाभर खिन्न आहे काय, हे लिहिण्यासाठी एकही रकाना नसतो. यात शिक्षकांचा निष्काळजीपणा आहे असे आम्ही म्हणत नाही. असा रकाना हवा, हे विज्ञानालाच फार उशिरा उमगले. शाळकरी मुलांना नैराश्य येऊ शकते ही गोष्ट वैद्यकाने सर्वसाधारणपणे मान्य केली ती १९७० नंतर. 

आमच्या क्षेत्रात मोजमाप हे रोजचे काम. एखादी गोष्ट मोजली जात नाही तेव्हा ती नसतेच असे धरून चालण्याची सवय कशी लागते, हे आम्ही जवळून पाहतो. मुलांच्या उदासीच्या बाबतीत नेमके हेच घडले. तो इतिहास आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत आणि तो सांगताना शक्य तेथे कोल्हापूर व आसपासच्या मुलखाची उदाहरणे घेणार आहोत. कारण शाळकरी किशोर ही व्यक्ती आपल्याकडे कशी घडली, ते या गावात स्पष्ट दिसते.

शब्द जुने, रुग्ण प्रौढ

उदासी मनुष्याला नवीन नाही. चरकसंहितेत वाताच्या ८० विकारांची यादी आहे; तीत 'विषाद' आहे. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नावच अर्जुनविषादयोग. ग्रीक वैद्यांनी याच अवस्थेला 'मेलँकोलिया' म्हटले. तिचा अर्थ काळे पित्त; शरीरात ते वाढले की मन काळवंडते अशी त्यांची समजूत होती. या सर्व वर्णनांत एक गोष्ट समान आहे. त्यांतला दुःखी मनुष्य मोठा आहे. योद्धा, विद्वान, विरही, वृद्ध. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा विषाद हा वैद्याच्या लक्ष देण्याजोगा विषय आहे, असे कोणालाच वाटले नाही.

आपल्या बोलीतील शब्द मात्र वयाचा भेद करीत नाहीत. 'करमत नाही', 'मन लागत नाही', 'चैन पडत नाही' हे लहानही म्हणतात आणि मोठेही. आजची मुले 'टेन्शन आलंय' किंवा 'बोअर होतंय' म्हणतात. शब्द बदलले तरी त्यामागे काय दडले आहे हे विचारावेच लागते, कारण एकाच शब्दात तासाभराचा कंटाळाही मावतो आणि महिन्याभराचे दुखणेही.

शाळकरी किशोर कोठून आला?

चौदा-पंधरा वर्षांचे मूल शाळेत असणे आज आपल्याला स्वाभाविक वाटते. दीडशे वर्षांपूर्वी ते तसे नव्हते. त्या वयाचा मुलगा शेतात, दुकानात किंवा बापाच्या हाताखाली असे आणि मुलीचे बहुधा लग्न झालेले असे. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय ठरविले तेही फक्त १४ वर्षे. म्हणजे बालपण संपल्यावर थेट प्रौढपण सुरू होई. मधली सात-आठ वर्षे ही शाळेने निर्माण केलेली आहेत.

कोल्हापुरात इंग्रजी शाळा १८५१ मध्ये सुरू झाली. पुढे ती राजाराम हायस्कूल म्हणून ओळखली गेली. १८८० मध्ये राजाराम कॉलेज निघाले. महादेव गोविंद रानडे यांचे आरंभीचे शिक्षण कोल्हापुरात झाले. चौदाव्या वर्षी ते पुढील शिक्षणासाठी मुंबईस गेले आणि १८५९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली तेव्हा उत्तीर्ण झालेल्यांत ते होते. गोपाळ कृष्ण गोखले कागल आणि कोल्हापूर येथे शिकले. त्यांच्या तेराव्या वर्षी वडील वारले. थोरल्या भावाने शिक्षण सोडून महिना १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतील ८ रुपये तो गोपाळच्या शिक्षणासाठी पाठवू लागला. १८८१ मध्ये गोखले मॅट्रिक झाले.

ही हकीकत आपण मुलांना चिकाटीचा धडा म्हणून सांगतो आणि ते योग्यच आहे. पण ती आणखी एका दृष्टीने वाचता येते. भावाचे शिक्षण थांबले आहे, घर त्याच्या १५ रुपयांवर चालले आहे आणि त्यातला अर्ध्याहून अधिक वाटा आपल्या वहीपुस्तकांवर खर्च होत आहे, हे पंधरा वर्षांच्या मुलाला रोज ठाऊक असणे ही केवढी जबाबदारी! त्या वयात त्यांच्या मनाची अवस्था काय होती याची नोंद नाही आणि आपण ती कल्पनेने भरू नये. एवढे मात्र म्हणता येते की साऱ्या घराची आशा एका मुलाच्या एका परीक्षेवर टांगलेली असणे ही मॅट्रिकबरोबर आपल्याकडे आलेली नवी परिस्थिती होती. ती आजही दहावी-बारावीच्या घरांत आहे.

पुढे राजर्षी शाहू महाराजांनी हे दार सर्वांना उघडले. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्यानंतर निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे निघाली. अस्पृश्य मानलेल्या समाजातील मुलांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. १९१७ मध्ये संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. खेड्यापाड्यांतील हजारो मुलांचे आयुष्य या वसतिगृहांनी बदलले. त्याचबरोबर घर, शेत, गुरे आणि आई सोडून शहरात राहणाऱ्या बारा-तेरा वर्षांच्या मुलांची पहिली मोठी पिढीही येथेच तयार झाली.

घरची ओढ: एक वैद्यकीय निदान

घर सोडून शिकायला गेलेल्या मुलाचे दुःख वैद्यकाने एकदाच, आणि तेही आडवाटेने, पाहिले होते. १६८८ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे योहानेस होफर या तरुणाने वैद्यकाच्या पदवीसाठी एक प्रबंध लिहिला. त्यात त्याने परगावी राहणाऱ्यांना जडणाऱ्या एका विकाराचे वर्णन केले आणि त्याला 'नोस्टाल्जिया' हे नाव दिले. घरी परतणे आणि वेदना या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून ते बनवले होते. त्याच्या रुग्णांत बर्नहून बाझेलला शिकायला आलेला एक विद्यार्थी होता. तो खंगत गेला. शेवटी त्याला घरी पाठवायचे ठरले आणि वाटेतच त्याची प्रकृती सुधारू लागली.

शब्द टिकला, निदान टिकले नाही. पुढे ते सैनिकांपुरते उरले आणि नंतर वैद्यकातून बाहेर पडून काव्यात गेले. तरी होफरच्या नोंदीतून एक गोष्ट घेण्याजोगी आहे. परिस्थिती बदलल्यावर मनाबरोबर शरीरही सावरते, हे त्याने पाहिले होते. वसतिगृहातील मुलाचे पोट रोज सकाळी दुखत असेल आणि शनिवारी दुपारी आपोआप थांबत असेल, तर ते ढोंगच आहे असे समजू नये.

'वयच तसे असते'

विसाव्या शतकाच्या आरंभी किशोरवयाला प्रथमच एक मोठा ग्रंथकार मिळाला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली हॉल यांनी १९०४ मध्ये 'अ‍ॅडोलसन्स' हा द्विखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध केला. किशोरवय म्हणजे वादळ आणि ताण, भावनांची भरती-ओहोटी, खिन्नता ही त्या वयाची खूणच, असे त्यांचे म्हणणे होते. या ग्रंथामुळे किशोरवयाचा अभ्यास सुरू झाला हा लाभ. तोटा असा की मुलाच्या दुःखाला एक सोपे उत्तर मिळाले. वयच तसे असते, जाईल आपोआप.

दुसरीकडे मनोविश्लेषणाच्या पंथाने उलट्या बाजूने तेच केले. नैराश्य म्हणजे मनातील कठोर न्यायाधीशाने स्वतःला दिलेली शिक्षा आणि हा न्यायाधीश मुलांत अजून पुरता घडलेला नसतो. म्हणून मुलांना खरे नैराश्य येऊच शकत नाही, असा तर्क पुढे आला. एक पक्ष म्हणे की सगळीच मुले खिन्न असतात. दुसरा म्हणे की एकही मूल नैराश्याने आजारी नसते. दोन्हींचा परिणाम एकच. मुलाला विचारण्याची गरज कोणालाच भासली नाही.

या तर्काला छेद देणारे पुरावे होते. रेने स्पिट्झ यांनी १९४६ मध्ये, आईपासून दुरावलेल्या संस्थेतील तान्ह्या मुलांत रडणे, मग अलिप्तता, खाणे-झोपणे बिघडणे अशी लक्षणे नोंदवली. १९६० च्या दशकात काही वैद्यांनी 'झाकलेले नैराश्य' अशी कल्पना मांडली. मुलाची डोकेदुखी, भांडखोरपणा, शाळा टाळणे यांच्या मुळाशी उदासी असू शकते, असे ते म्हणत. कल्पना उपयोगी होती, पण तिला सीमा नव्हती. प्रत्येक खोडीखाली नैराश्य शोधू लागले तर शोध कशाचाच लागत नाही.

बुद्धी मोजली, मन राहिले

याच काळात शाळेतील मुलाच्या मनाचे मोजमाप मात्र जोरात चालू होते. फक्त ते बुद्धीचे होते. आल्फ्रेड बिने यांची कसोटी १९०५ ची. आपल्या भागात ती आणली व्ही. व्ही. कामत यांनी. तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील धारवाड येथे त्यांनी कानडी आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी बिने कसोटी बेतून घेतली आणि १९४० मध्ये आपले काम ग्रंथरूपाने मांडले. 'बिने-कामत कसोटी' पुढे अनेक दशके वापरात राहिली. धारवाड कोल्हापुरापासून फार दूर नाही. म्हणजे मराठी शाळकरी मुलाच्या मनाकडे मोजपट्टी घेऊन जाणारे शास्त्र आपल्या दारात १९३० च्या दशकातच आले होते. पण मूल किती हुशार आहे हे विचारून ते परत गेले. मूल कसे आहे, हा प्रश्न राहिला.

याचे कारण सरळ आहे. बुद्धीच्या कसोटीची गरज शाळेला होती; कोणाला कोणत्या वर्गात बसवायचे हे ठरवायचे होते. शांत, उदास मुलामुळे शाळेची कोणतीच अडचण होत नाही. तो दंगा करीत नाही, उत्तर देत नाही आणि त्याच्याविरुद्ध तक्रारही येत नाही.

मुलांना विचारून पाहिले तेव्हा

चित्र पालटले ते इंग्लंडच्या दक्षिणेकडील आइल ऑफ वाइट या बेटावर. तेथे मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४-६५ मध्ये बेटावरील १०-११ वर्षांच्या सर्व मुलांची पाहणी केली आणि ती मुले १४-१५ वर्षांची झाल्यावर पुन्हा त्यांच्याकडे गेले. त्यांनी पालकांना विचारले, शिक्षकांना विचारले आणि मुलांनाही स्वतंत्रपणे विचारले. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तीन गोष्टी शिक्षकांनी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत.

पहिली: हॉल म्हणत तसे प्रत्येक मूल वादळात सापडलेले नव्हते. बहुतेकांचे घरच्यांशी बरे चालले होते. दुसरी: नैराश्याचा आजार दहाव्या वर्षी विरळ होता आणि चौदा-पंधराव्या वर्षी तो स्पष्टपणे अधिक आढळला. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची: बऱ्याच मुलांनी आपल्याला खूप वाईट वाटते, आपण कमी प्रतीचे आहोत असे वाटते, हे मुलाखतीत सांगितले, पण त्यांच्या पालकांना आणि शिक्षकांना त्याचा पत्ता नव्हता. खोडकर मूल शिक्षकांना ओळखता येत होते. दुःखी मूल त्यांना दिसत नव्हते आणि ते कळण्याचा मार्ग एकच होता, त्यालाच विचारणे.

१९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानपुस्तिकेची तिसरी आवृत्ती काढली. मोठ्यांच्या नैराश्याचे निकष थोड्या फेरफाराने मुलांनाही लागू होतात, हे तीत मान्य झाले. आजच्या निकषांनुसार सतत उदास वाटणे किंवा कशातच गोडी न वाटणे यांपैकी एक लक्षण असावे लागते आणि मुलांत उदासीऐवजी चिडचिडही धरली जाते. त्याबरोबर झोप, भूक, थकवा, एकाग्रता, स्वतःला दोष देणे, मरणाचे विचार अशा लक्षणांची जोड लागते. ही अवस्था निदान दोन आठवडे, दिवसाचा बराच वेळ टिकलेली असावी लागते आणि तिने रोजचे व्यवहार अडलेले असावे लागतात.

प्रश्नावली काय सांगते, काय नाही

मुलांनाच विचारायचे ठरल्यावर विचारण्याची रीत हवी होती. अ‍ॅरन बेक यांनी १९६१ मध्ये प्रौढांसाठी २१ प्रश्नांची सूची केली होती. तिच्यावरून मारिया कोवाच यांनी मुलांसाठी २७ कलमांची सूची बेतली. प्रत्येक कलमात तीन विधाने असतात. गेल्या दोन आठवड्यांना लागू पडेल ते मुलाने निवडायचे. त्याला ०, १ किंवा २ गुण. एकूण गुण ० ते ५४. अशा सूच्या आता अनेक आहेत आणि भारतातील शहरी शाळांत त्या वापरून पुष्कळ पाहण्या झाल्या आहेत. वर्तमानपत्रांत अधूनमधून येणारे 'इतके टक्के विद्यार्थी नैराश्यात' असे मथळे बहुधा अशाच पाहण्यांतून निघतात.

येथे एक हिशेब करून पाहू. आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. एका शाळेत १००० विद्यार्थी आहेत आणि त्यांपैकी ३० जणांना खरोखर नैराश्याचा आजार आहे असे समजू. प्रश्नावली अशी की आजारी असलेल्या दर १०० जणांपैकी ८० ओळखते आणि आजारी नसलेल्या दर १०० जणांपैकी ९० जणांना योग्य रीतीने वगळते. ही बरी प्रश्नावली म्हणता येईल. मग ३० पैकी २४ जण सापडतील आणि ६ सुटतील. उरलेल्या ९७० पैकी ९७ जणांनाही ती 'होय' म्हणेल. एकूण 'होय' १२१. म्हणजे आजार शंभरात ३ जणांना, पण मथळा होईल 'बारा टक्के विद्यार्थी नैराश्यात'. गणिताच्या शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात जरूर सोडवून घ्यावे.

याचा प्रत्यय आपल्या शेजारीच, गोव्यात आलेला आहे. तेथे विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ ते १६ वर्षांच्या दोन हजारांवर मुलामुलींची पाहणी केली. ती २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. केवळ सूचीवर न थांबता त्यांनी पद्धतशीर मुलाखतीतून निदान केले. तेव्हा कोणताही मनोविकार असणाऱ्यांचे प्रमाण निघाले १.८१ टक्के आणि नैराश्याचे ०.५ टक्के. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा समावेश नव्हता. त्यात १३ ते १७ वयोगटातील मनोविकारांचे प्रमाण ७.३ टक्के आले, महानगरांत १३.५ आणि ग्रामीण भागात ६.९ टक्के. पद्धत, वय, ठिकाण बदलले की आकडा बदलतो. म्हणून आकडा वाचताना तो सूचीचा आहे की निदानाचा, हा प्रश्न प्रथम विचारावा.

सौम्य म्हणून सोडून द्यावे काय?

मग आमच्या हिशेबातील ते ९७ जण कोण? त्यांना काहीच झालेले नाही काय? काहींनी घाईत कसेही रकाने भरले असतील. काहींच्या घरी त्याच आठवड्यात कोणी वारले असेल. त्यांचे दुःख अगदी स्वाभाविक. पण त्यांतच असे काही असतात की ज्यांची दोन-तीन लक्षणे टिकून आहेत, अभ्यास कसाबसा चालू आहे, डबा अर्धा परत जातो, मित्र कमी झाले आहेत. निदानाची रेषा त्यांनी ओलांडलेली नाही. यांनाच आपण सौम्य लक्षणे असलेले म्हणतो.

यांच्याविषयी सर्वांत चांगले उत्तर न्यूझीलंडमधून आले. तेथे दोन शहरांत एकाच वर्षी जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा दशकानुदशके केला गेला. क्राइस्टचर्च येथील १९७७ मध्ये जन्मलेल्यांच्या अभ्यासात असे दिसले की १७-१८ व्या वर्षी रेषेखालची लक्षणे असलेल्या मुलांना पंचविशीपर्यंत नैराश्याचा धोका लक्षणे नसलेल्यांपेक्षा अधिक होता आणि तो पुरता आजार झालेल्यांच्या जवळपास जाणारा होता. डनेडिन येथील १९७२-७३ मध्ये जन्मलेल्यांपैकी सव्विसाव्या वर्षी मनोविकार असलेल्यांतील निम्म्यांना पंधराव्या वर्षापूर्वीच कोणता ना कोणता विकार होऊन गेला होता. पंधरावे वर्ष म्हणजे आपली दहावी.

याचा अर्थ सौम्य उदासी असलेले प्रत्येक मूल आजारी पडेल असा नाही. पुष्कळ मुले आपोआप सावरतात. पण निदानाची रेषा ही वैद्याच्या सोयीसाठी आखलेली आहे; निसर्गात ती नाही. रक्तदाबाप्रमाणे येथेही उतार आहे, पायरी नाही. वरच्या टोकाला वैद्य हवा; मधल्या उतारावर मुलाला हात देणारे कोणी हवे आणि तेथे बहुधा शिक्षकच उभा असतो.

शहर, झोप आणि परीक्षा

लक्षणे वाढतात कशाने? एकच कारण सांगता येत नाही. आनुवंशिकतेचा वाटा असतो. वयात येईपर्यंत मुलगे आणि मुली यांत फारसा फरक नसतो. त्यानंतर मुलींमधील प्रमाण जवळजवळ दुप्पट होते. यात शरीरातील बदलांचा भाग आहे तसा वागणुकीचाही. गोव्यातील पाहणीत मुलगी म्हणून दुजाभाव सोसणाऱ्या मुलींमध्ये विकारांचे प्रमाण अधिक आढळले. अभ्यासातील अडचणी, मारहाण किंवा अपमानास्पद बोलणे, परिसरात सुरक्षित न वाटणे यांच्याशीही संबंध दिसला. उलट ज्यांचा मुख्य आधार आपले कुटुंब होते त्यांच्यात प्रमाण कमी होते.

परीक्षेविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही. एनसीईआरटीने २०२२ मध्ये सहावी ते बारावीच्या सुमारे ३ लाख ८० हजार विद्यार्थ्यांना विचारले. ८१ टक्क्यांनी चिंतेचे कारण म्हणून अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांचे नाव घेतले.

झोपेकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. वयात येताना मेंदूतील घड्याळ मागे सरकते, असे मेरी कार्सकाडन यांच्या संशोधनातून दिसले. झोप आणणारे मेलॅटोनिन रात्री उशिरा पाझरू लागते. म्हणून पंधरा वर्षांचा मुलगा रात्री अकरापर्यंत टक्क जागा असतो आणि सकाळी सहाला उठवता उठत नाही. यात आळस थोडा आणि शरीरधर्म अधिक. त्यात मोबाइल आणि पहाटेची शिकवणी यांची भर पडली की झोप दोन्हीकडून कापली जाते. अपुऱ्या झोपेने उदासी वाढते आणि उदासीने झोप बिघडते. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये पूर्व-प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत असा निर्णय घेतला. शरीरशास्त्र पाहता सकाळी उशिरापर्यंत झोपेची गरज मोठ्या मुलांना अधिक आहे.

शिक्षकाच्या हातात काय आहे?

हा प्रश्नही प्रयोगाने तपासला गेला आहे. बिहारमधील नालंदा जिल्ह्यात ७४ सरकारी माध्यमिक शाळांत एक मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. काही शाळांत खास नेमलेल्या, थोडे प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी शाळेचे वातावरण सुधारण्याचा कार्यक्रम राबवला. काही शाळांत तोच कार्यक्रम शिक्षकांकडे दिला. उरलेल्यांत नेहमीचेच चालू राहिले. समुपदेशक असलेल्या शाळांत मुलांची नैराश्याची लक्षणे कमी झाली, दमदाटी आणि मारामारी घटली. शिक्षकांकडे दिलेल्या शाळांत फरक पडला नाही.

हे वाचून शिक्षकांनी वाईट वाटून घेऊ नये. तास, वह्या तपासणे, जनगणना, निवडणुकीचे काम, ऑनलाइन माहिती भरणे, यांत आणखी एक काम टाकले तर ते होणार कसे? या प्रयोगाचा आम्हाला दिसणारा अर्थ असा की समुपदेशनाचे काम शिक्षकाच्या डोक्यावर आणखी एक ओझे म्हणून टाकू नये. त्यासाठी माणूस नेमावा. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक ठेवावा असे म्हटले आहे. पालकसभेत आणि शाळा समितीत शिक्षकांनी ही मागणी धरावी.

तरीही एक काम असे आहे की ते शिक्षकच करू शकतो. मूल आधी कसे होते आणि आता कसे आहे, ही तुलना वर्षभर रोज पाहणाऱ्यालाच करता येते. चित्रकला आवडणारी मुलगी वही आणेनाशी झाली. मधल्या सुट्टीत मुलगा मैदानावर जाईनासा झाला. दर सोमवारी डोके दुखू लागले. चांगला विद्यार्थी 'मला काही येत नाही' असे वारंवार म्हणू लागला. असा बदल दोन आठवडे टिकला तर बाजूला घेऊन, वर्गासमोर नव्हे, साधे विचारावे: 'अलीकडे तू गप्प असतोस. बरं वाटत नाही का?' उत्तर मिळालेच पाहिजे असा हट्ट नको. उपदेश नको, 'आमच्या वेळी' नको. 'नैराश्य' हा शिक्का तर मुळीच नको. निदान हे वैद्याचे काम आहे. घरच्यांना सांगायचे ते मुलाला आधी सांगून, आणि तक्रारीच्या सुरात नको. मूल जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलले तर मात्र थांबू नये. 'जीव द्यावासा वाटतो का' असे स्पष्ट विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही. अशा वेळी मुलाला एकटे न सोडता त्याच दिवशी पालक आणि डॉक्टर यांना बरोबर घ्यावे. शासनाची टेलिमानस ही विनामूल्य सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र चालते. तो क्रमांक सूचनाफलकावर लिहून ठेवायला खडूच्या एका तुकड्याहून अधिक काही लागत नाही.

शाहू महाराजांच्या काळात मूल शाळेत येते की नाही, हा प्रश्न होता आणि हजेरीपट हे त्याचे उत्तर होते. आज कोल्हापुरातील बहुतेक मुले शाळेत येतात. 'हजर' म्हणून आवाज देणारे प्रत्येक मूल मनाने हजर आहे काय, हा त्यापुढचा प्रश्न. आइल ऑफ वाइटच्या मुलांनी दाखवून दिले की त्याचे उत्तर मुलांपाशी तयार असते. ते कोणत्याही रकान्यात आपोआप उतरत नाही. कोणीतरी विचारावे लागते.